तुरुंगाची हवा खाणारा सरडा

शॅमेलिऑन पाळणाऱ्यांची एक तक्रार सगळीकडे सारखीच असते, मग ते डॅलसमध्ये राहोत, लेस्टरमध्ये की टोरांटोमध्ये: “आमचा हा एकच किडा खातो, दुसरं काही दिलं की तोंड फिरवतो.” महिनाभर सुपरवर्मवर ताव मारलेला असतो. मग कुणीतरी सांगतं की नुसत्या सुपरवर्मवर भागणार नाही, रातकिडे दे, झुरळं दे, रेशमाच्या अळ्या दे. ते सगळं आणलं जातं, पिंजऱ्यात सोडलं जातं, आणि शॅमेलिऑनसाहेब एक डोळा किड्याकडे, दुसरा छताकडे करून ढिम्म बसून राहतात. दोन दिवस जातात, चार दिवस जातात. घरच्यांचा धीर सुटतो आणि सुपरवर्मचा डबा पुन्हा उघडतो. ताटावर हट्ट धरून बसलेल्या नातवापुढे आजी हरते ना, तसंच.

पाळीव प्राण्यांच्या इतिहासावरच्या आमच्या भागात हा विषय निघाला होता, पण वेळ संपली आणि मुख्य गोष्ट राहूनच गेली. म्हणून हा लेख. आधीच सांगते, मी प्राण्यांची डॉक्टर नाही. माझं काम विज्ञानाच्या इतिहासाचं, त्यातही सतराव्या शतकातल्या जुन्या नोंदी चाळण्याचं. पण गंमत अशी आहे की “हा काही खातच नाही” ही तक्रार माझ्या क्षेत्रात फार जुनी आहे. इतकी जुनी, की युरोपातल्या विद्वानांनी जवळपास पंधराशे वर्षं ती तक्रार मानलीच नाही. त्यांनी तिला निसर्गाचा नियम मानलं. शॅमेलिऑन काही खात नाही, काही पीत नाही, तो हवेवर जगतो!

हे कुण्या खेडुताचं म्हणणं नव्हतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने आपल्या निसर्गाच्या प्रचंड ज्ञानकोशात, आठव्या खंडात, हे ठामपणे लिहून ठेवलं. त्याच्याही आधी कवी ओव्हिडने वारा आणि हवा यांवर पोसल्या जाणाऱ्या या प्राण्याला आपल्या काव्यात जागा दिली होती. पुढे १५३१ मध्ये आंद्रेआ आल्चातो या इटालियन पंडिताचा चित्रं आणि पद्यांचा एक अतिशय लोकप्रिय संग्रह आला, त्यात तोंड उघडून हवा गिळणारा शॅमेलिऑन दरबारातल्या खुशमस्कऱ्यांचं प्रतीक झाला. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये राजा पुतण्याला कसं काय चाललंय विचारतो, तेव्हा हॅम्लेट शॅमेलिऑनच्या जेवणाचाच दाखला देऊन टोमणा मारतो. नाटक बघायला आलेल्या लंडनकराला तो समजावून सांगावा लागत नव्हता. सगळ्यांना ठाऊकच होतं.

हसण्याआधी आपण आपल्या घरात डोकावूया. आपला चकोर चांदणं पिऊन जगतो आणि चातक पावसाच्या थेंबाशिवाय पाणी घेत नाही. ज्ञानेश्वरीतला चकोर किती गोड आहे! पण खरा चकोर हा डोंगराळ भागात दाणे, कोंब, किडे टिपत फिरणारा तित्तिराच्या कुळातला पक्षी आहे. फरक एवढाच की आपण चकोराला बहुतेक कवितेतच ठेवला. पिंजऱ्यात घालून त्याच्यापुढे चांदण्याची वाटी ठेवली नाही. युरोपात शॅमेलिऑनच्या बाबतीत मात्र हे जवळजवळ तसंच झालं, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे.

मराठीत ‘हवा खाणं’ याला दोन अर्थ आहेत. एक, संध्याकाळी चौपाटीवर फिरायला जाणं. दुसरा, तुरुंगाची हवा खाणं. शॅमेलिऑन हवा खाऊन जगतो ही कल्पना जिवंत राहिली ती दुसऱ्या अर्थाने, असं मला दिवसेंदिवस पक्कं वाटू लागलंय. ज्यांनी तो हवेवर जगताना ‘पाहिला’, त्यांनी तो बहुतेक कैदेत पाहिला होता.

विचार करा. इजिप्त किंवा ट्युनिसहून एक शॅमेलिऑन जहाजात चढतो. आठवडे जातात. तो मार्सेय, व्हेनिस किंवा लंडनला उतरतो तेव्हा हवा थंड आहे. हा थंड रक्ताचा प्राणी आहे, म्हणजे शरीराची ऊब बाहेरून घेणारा. ऊब नसेल तर पचन मंदावतं, भूक मरते, आणि गंमत म्हणजे उपाशी राहून तग धरायची त्याची ताकदही मोठी असते. मालक त्याच्यापुढे वाटीत पाणी ठेवतो. शॅमेलिऑन रानात पाणी पितो ते पानांवरचे थेंब चाटून. वाटीतलं शांत, सपाट पाणी त्याला पाणी म्हणून कळतच नाही. मालक त्याच्यापुढे मेलेला किडा किंवा मांसाचा तुकडा ठेवतो. शॅमेलिऑनला भक्ष्य कळतं ते हललं तर. आणि वर तो मधूनच तोंड उघडून बसतो, अंग फुगवतो. (आज आपल्याला माहीत आहे की अंग फार तापलं की तो असा आ वासतो, आणि भीतीने किंवा रागाने फुगतो.) मालक काय लिहिणार? पाणी पीत नाही, अन्न खात नाही, तोंड उघडून हवा आत घेतो आणि तरी महिनोन् महिने जगतो. प्रत्येक निरीक्षण खरं. निष्कर्ष तेवढा साफ चुकीचा.

म्हणून ‘जुने लोक अंधश्रद्ध होते’ असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. त्यांनी कैद्याच्या वागण्याला त्या जातीचा स्वभाव मानलं, एवढंच.

ॲरिस्टॉटल इथे ठळकपणे वेगळा दिसतो. प्राण्यांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने शॅमेलिऑनचं लांबलचक वर्णन केलंय: डोळे कसे फिरतात, पायाची बोटं कशी दोन गटांत विभागलेली आहेत, रंग कसा बदलतो, चिरल्यावर आत काय दिसतं. हवेवर जगण्याचा मात्र एक शब्द नाही. हे मौन पुढे एका इंग्रज डॉक्टरच्या नजरेत भरणार होतं.

त्याआधी फ्रेंच निसर्गअभ्यासक पिएर बेलों. १५४० च्या दशकात तो पूर्व भूमध्य सागराच्या प्रदेशात हिंडला आणि १५५३ मध्ये त्याने आपली निरीक्षणं छापली. त्याला फायदा हा होता की त्याने शॅमेलिऑन त्याच्या स्वतःच्या मुलखात पाहिला, झुडपावर, उन्हात. नुसतं पाहून तो थांबला नाही, पोट फाडून बघितलं. आत माशा, सुरवंट, भुंगेरे निघाले. प्रश्न खरं तर तिथेच संपायला हवा होता. पण छापलेल्या पुस्तकात प्लिनीचं वजन एका प्रवाशाच्या सुरीपेक्षा जास्त होतं, आणि पुढची शंभर वर्षं शॅमेलिऑन हवाच खात राहिला.

मग येतो माझा आवडता माणूस. निकोला-क्लोद फाब्री द पेइरेस्क, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावचा. जन्म १५८०, मृत्यू १६३७. पेशाने न्यायमंडळाचा सदस्य, पण खरा धंदा पत्रं लिहिण्याचा. भूमध्य सागराच्या प्रत्येक बंदरात त्याचा कुणी ना कुणी ओळखीचा होता, आणि प्रत्येकाकडून तो काहीतरी मागवत असे: नाणी, हस्तलिखितं, मांजरं, झाडांची बियाणं, आणि शॅमेलिऑन. त्याच्याकडे आलेले शॅमेलिऑन त्याने घरात ठेवले, रोज पाहिले. त्याचा मित्र, तत्त्वज्ञ पिएर गॅसेंदी याने १६४१ मध्ये त्याचं चरित्र छापलं, त्यात या प्राण्यांची हकिकतही आहे. पेइरेस्कचं मोठेपण मला असं वाटतं: समोरचा प्राणी खात नाहीये हे बघून त्याने ‘हा खात नसतो’ असं लिहिलं नाही. काय दिलं तर खाईल हे तो बघत राहिला. आणि उत्तर सापडलं धान्याच्या कोठारात. पिठातल्या अळ्या! त्या वळवळतात, त्या हिवाळ्यातही मिळतात, आणि शॅमेलिऑनला त्या आवडतात.

आज अमेरिकेतल्या पाळीव प्राण्यांच्या कुठल्याही दुकानात डबीत भरून मिळणारा मीलवर्म तो हाच. चारशे वर्षांपूर्वी प्रोव्हान्समधल्या एका आजारी, उत्साही वकिलाच्या घरी हाच मेनू होता, हे मला प्रत्येक वेळी त्या दुकानात शिरताना आठवतं.

पेइरेस्कच्या या अनुभवाचा दाखला देणारा इंग्रज डॉक्टर म्हणजे नॉरिचचा सर टॉमस ब्राऊन. १६४६ मध्ये त्याने लोकांमध्ये रूढ असलेल्या खोट्या समजुतींवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात एक पूर्ण प्रकरण शॅमेलिऑनच्या जेवणावर आहे. ब्राऊनची पद्धत वकिलासारखी आहे. पहिली साक्ष शरीराची: याला दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत, हा विष्ठा टाकतो. हवाच खायची तर हा सगळा संसार कशाला? दुसरी साक्ष जिभेची: एवढी लांब, टोकाला चिकट जीभ हवा पकडायला लागत नाही. तिसरी साक्ष बेलोंच्या सुरीची. चौथी ॲरिस्टॉटलच्या मौनाची: एवढं बारीक लिहिणाऱ्या माणसाने एवढी मोठी गोष्ट सोडली, म्हणजे त्याला ती पटली नसावी. आणि पाणी पिणाऱ्या, पिठातल्या अळ्या आवडीने खाणाऱ्या शॅमेलिऑनची साक्षही आहेच.

पण ब्राऊनचं सगळ्यात भारी वाक्य या पुराव्यांमध्ये नाही. ते नंतर येतं, जिथे तो विचारतो की मग लोकांचा असा गैरसमज झाला तरी कसा. तो म्हणतो (मी माझ्या शब्दांत सांगतेय) की हा प्राणी मुळातच मिताहारी आहे, अंगात रक्त कमी, प्रकृती थंड, हिवाळ्यात तो दडून राहतो, आणि नेमक्या त्याच काळात त्याची निरीक्षणं केली जातात. थांबा जरा इथे. ब्राऊनने स्वतः शॅमेलिऑन हाताळला नव्हता, तो तसं कबूलही करतो. तरी त्याने चुकीचं मूळ कुठे आहे ते पकडलं: प्राण्याला कुठल्या ऋतूत, कुठल्या अवस्थेत पाहिलं गेलं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

आज कुठल्याही शॅमेलिऑनच्या जाणत्या डॉक्टरकडे जा. तो किडा कुठला दिलात हे नंतर विचारतो. आधी विचारतो, दिवा किती तापतो? रात्री तापमान किती उतरतं? पाणी कसं देता? कात टाकतोय का? मादी असेल तर पोटात अंडी आहेत का? ब्राऊनचाच प्रश्न, थर्मामीटर लावून.

पॅरिसचा अध्याय थोडक्यात सांगते, कारण तो जेवणापेक्षा रंगाच्या वादाचा जास्त आहे. १६६८ मध्ये इजिप्तहून आलेला एक शॅमेलिऑन फ्रेंच विज्ञान अकादमीकडे पोचला. तो फार जगला नाही. क्लोद पेरोने त्याचं विच्छेदन केलं आणि १६६९ मध्ये वर्णन छापलं. (सिंड्रेलाची गोष्ट कागदावर उतरवणारा शार्ल पेरो तो याचा धाकटा भाऊ.) माशा पकडणारी जीभ अकादमीच्या सभासदांनी स्वतः पाहिली, त्यामुळे हवेचा सिद्धान्त शास्त्रज्ञांपुरता तरी तिथे निकालात निघाला. चारेक वर्षांनी, १६७२ मध्ये, कादंबरीकार मादलेन द स्क्युदेरी हिच्याकडे इजिप्तहूनच दोन शॅमेलिऑन आले. एक लवकर गेला. दुसऱ्याला तिने ऊब दिली, जपलं, त्याच्याशी ओळख वाढवली आणि पॅरिसच्या हिवाळ्यात कित्येक महिने जगवलं. त्यावर तिने लिहिलेली हकिकत १६८८ मध्ये पुस्तकात आली. पेरोकडे सुरी होती, स्क्युदेरीकडे शेगडी. विज्ञानाच्या इतिहासात सुरीला जागा मिळते आणि शेगडीला तळटीप, याचा मला जरा रागच येतो, कारण जिवंत शॅमेलिऑन काय करतो हे कळायला शेगडीच लागते.

आता तीनशे वर्षं उडी मारूया, कारण मधल्या काळात शॅमेलिऑन प्राणीसंग्रहालयांत आले, मेले, पुन्हा आणले गेले, आणि जेवणाच्या प्रश्नात फारशी भर पडली नाही. १९७७ मध्ये लिन्डसे हार्कनेस या संशोधिकेने एक मजेदार प्रयोग छापला. तिने शॅमेलिऑनला चष्मा लावला. खरंच. डोळ्यांपुढे भिंगं बसवली आणि किडा दाखवला. भिंगामुळे जेवढा फरक पडायला हवा तेवढ्याच हिशोबाने जीभ चुकीच्या अंतरावर पडली. म्हणजे शॅमेलिऑन अंतर मोजतो ते कॅमेऱ्यासारखं डोळ्याचं भिंग जुळवून.

याचा जेवणाच्या नखऱ्यांशी संबंध काय? फार जवळचा. शॅमेलिऑनचा घास हा नेमबाजीचा प्रकार आहे. किडा दिसला पाहिजे, हलला पाहिजे, ठरावीक अंतरात आला पाहिजे, मागची पार्श्वभूमी गोंधळाची नको, आणि स्वतःला फांदीवर घट्ट पकड हवी. पिंजऱ्याच्या तळाशी कोपऱ्यात लपलेला तपकिरी रातकिडा यातल्या एकाही अटीत बसत नाही. अनुभवी लोक नव्या किड्याची ओळख करून देताना तो वर, फांदीच्या उंचीवर, उजेडात आणतात, ते याच कारणासाठी. ‘हा झुरळ खात नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्याला ते झुरळ नीट दिसलेलंच नसतं. झुरळ मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतं, हेही आहेच. उलट उडणारी माशी सोडून बघा. महिनाभर उपोषणाला बसलेला सत्याग्रही क्षणात व्रत मोडतो.

आणि हे साहजिक आहे. भूमध्य सागराभोवतीचे रानातले शॅमेलिऑन मधमाशा, गांधीलमाश्या, माशा, नाकतोडे, भुंगेरे असं कितीतरी खातात. फुलांवर येणारं जे काही, ते यांच्या ताटात. मूळचा येमेन-सौदीचा, आज परदेशातल्या घरांत सगळ्यात जास्त दिसणारा तुरेवाला शॅमेलिऑन तर पानंही चावतो. मग आपण त्याला रातकिडाच का देतो?

उत्तर शॅमेलिऑनच्या पोटात नाही, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या तळ्यांवर आहे. १९४० च्या दशकापासून तिथे रातकिड्यांची शेती सुरू झाली ती मासे पकडायच्या गळाला लावायला. खोके भरून रातकिडे स्वस्तात, वर्षभर मिळू लागले. पुढे सरडे पाळायचा छंद वाढला तेव्हा तयार माल समोर होता. म्हणजे ज्याला आपण शॅमेलिऑनचं ‘मुख्य अन्न’ म्हणतो, ते मासेमारीच्या बाजाराने ठरवलं. पेइरेस्ककडे पिठाची कोठी होती म्हणून मीलवर्म, आपल्याकडे गळाचा धंदा होता म्हणून रातकिडा. प्राण्याला कुणी विचारलं नाही, ना तेव्हा ना आता.

या स्वस्त जेवणाची किंमत हाडांनी मोजली. रातकिड्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, आणि कवच कॅल्शियमचं नसल्यामुळे भरपाईही होत नाही. वाकडे पाय, मऊ जबडा, आणि जबडा मऊ झाला की जीभही नीट सुटत नाही. १९८९ मध्ये मेरी ॲलन आणि ओलाव्ह ऑफ्टेडल यांनी एक साधी, हुशार गोष्ट दाखवून दिली: शॅमेलिऑनला काय घालायचं हे बदलता येत नसेल तर रातकिड्याला काय घालायचं ते बदला. भरपूर कॅल्शियमचं खाद्य दोनेक दिवस खाल्लेला रातकिडा हा पोटात औषधाची पुडी घेऊन येणारा रातकिडा होतो. आज पाळणारे लोक किड्यांना गाजर, पालेभाज्या, संत्री चारतात ती याचीच घरगुती आवृत्ती. तुमच्या शॅमेलिऑनला दहा प्रकारचे किडे मंजूर नसतील, तरी एकाच किड्याच्या पोटातून दहा प्रकारचं जेवण त्याच्यापर्यंत पोचवता येतं.

त्याच्या पुढचं पाऊल टेक्सासमध्ये पडलं. गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर वर्षानुवर्षं काम केलं. २००९ मध्ये या गटाने दाखवलं की ज्यांच्या जेवणात ड-३ जीवनसत्त्व कमी होतं ते शॅमेलिऑन अतिनील प्रकाशात आपणहून जास्त वेळ बसले. ज्यांना जेवणातून पुरेसं मिळत होतं ते कमी बसले. आपल्या अंगात काय कमी आहे याचा हिशोब तो प्राणी ठेवतो आणि संधी मिळाली तर भरून काढतो. संधी मिळाली तर, हे महत्त्वाचं. जो पिंजऱ्यात आहे त्याच्यासाठी ती आपण द्यायची असते.

साधारण त्याच सुमाराला उत्तर अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या शेतांमध्ये एका विषाणूने धुमाकूळ घातला. पांढरट घरगुती रातकिडे पटापट मेले, काही शेतं बंद पडली. छंदी लोकांची धावपळ झाली. रेशमाच्या अळ्या, दुबिया झुरळं, काळ्या सैनिक माशीच्या अळ्या (यांच्यात कॅल्शियम मुळातच चांगलं असतं) यांना मागणी आली. शॅमेलिऑनच्या ताटातली विविधता वाढायला विज्ञानाइतकाच हातभार एका साथीनेही लावला, असं म्हणायला हरकत नाही.

बदल करायचा कसा, यावर जाणकारांचं आज बऱ्यापैकी एकमत आहे. आधी पाणी, ऊब आणि प्रकाश तपासायचा. मग प्राणी तब्येतीने धडधाकट असेल तर आवडता किडा काही दिवस बंद, आणि नवा किडा सकाळी, भुकेच्या वेळी, एकेक करून. हिरवी रेशमाची किंवा हॉर्नवर्मची अळी बऱ्याचदा पहिल्या झटक्यात जमते. पण डोळे मिटलेले, खोल गेलेले किंवा सुजलेले असतील, जीभ निशाणा चुकवत असेल, तर तो नखरा नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलं की डोळे बिघडतात, डोळे बिघडले की नेम चुकतो, नेम चुकला की खाणं थांबतं, आणि आपण म्हणत बसतो की हल्ली फार लाडावलाय. तिथे उपाशी ठेवायचा हट्ट न करता सरळ डॉक्टर गाठायचा.

इथे एक सूचना, सुट्टीत भारतात जाणाऱ्यांसाठी. आपला स्वतःचा शॅमेलिऑन आहे. श्रीलंकेपासून भारताच्या मोठ्या भागात तो आढळतो, महाराष्ट्रातही. मराठीत त्याला घोयरा, सरडगुहिरा अशी नावं आहेत, पण रोजच्या बोलण्यात सगळ्यांची मोट ‘सरडा’ या एकाच शब्दात बांधली जाते. मामाच्या गावी कुंपणावर तो हळूहळू डोलत चालताना दिसला तर बघा, फोटो काढा, तिथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे.

१९७२ हेच साल आणखी एका कारणाने लक्षात राहतं. त्या वर्षी हवाईमधल्या ओआहू बेटावर, कानेओहे गावातल्या एका दुकानदाराने केनियाहून काही डझन जॅक्सन शॅमेलिऑन मागवले. तीन शिंगांचे, हिरवेगार, डायनासोरच्या पिल्लासारखे. प्रवासात ते वाळून गेले होते, हडकुळे झाले होते. दुकानात ठेवण्याजोगे नव्हतेच. दुकानदाराने मग त्यांना मोकळ्या हवेत खाऊन-पिऊन सावरता यावं म्हणून आपल्या घरामागच्या बागेत सोडलं.

हेतू चांगला होता, आणि उपायही, पेइरेस्क ते फर्ग्युसन सगळ्यांच्या मापाने, अगदी बरोबर होता. झाडं, पाऊस, ऊन, पानांवरचे थेंब, हजार जातींचे किडे. शॅमेलिऑन सावरले. आणि निघून गेले. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही आपली म्हण कानेओहेमध्ये खोटी पडली. जॅक्सन शॅमेलिऑन अंडी घालत नाही, थेट पिल्लांना जन्म देतो. केनियाच्या थंड, ओलसर डोंगरांतून आलेल्या या प्राण्याला ओआहूचे डोंगर मानवले. पुढे तो इतर बेटांवरही पोचला, बहुतेक माणसांच्याच हातून, आणि एक वेळ अशी आली की अमेरिकेतल्या दुकानांत विकले जाणारे जॅक्सन शॅमेलिऑन केनियाऐवजी हवाईच्या झाडांवरून उतरवलेले असायचे.

२०१० मध्ये हवाईच्या संशोधकांनी रानात पकडलेल्या जॅक्सन शॅमेलिऑनच्या पोटातलं अन्न तपासून छापलं. बेलोंच्या सुरीनंतर साडेचारशे वर्षांनी तोच प्रयोग. आत स्थानिक किडे होते, आणि अकाटिनेला या वंशाच्या झाडावरच्या गोगलगायीही. या गोगलगायी जगात फक्त ओआहूवर आहेत. रंगीत पट्ट्यांच्या, शिंपल्यातल्या दागिन्यासारख्या, वर्षाला फार थोडी पिल्लं देणाऱ्या. १९८१ पासून हा पूर्ण वंश अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. उंदीर आणि दुसरी एक मांसाहारी परदेशी गोगलगाय त्यांच्या मागे आधीपासून लागलेली होतीच, त्यात ही नवी जीभ.

आता ओआहूच्या डोंगरांत या गोगलगायींसाठी खास कुंपणं उभारली आहेत. सरळसोट, गुळगुळीत भिंतींची, बाहेरच्या बाजूची झाडं छाटून ठेवलेली, म्हणजे शॅमेलिऑनला फांदीवरून आत उतरता येऊ नये. कर्मचारी ठरावीक दिवसांनी येऊन फांद्या पुन्हा छाटतात. कैदेत गोगलगायी आहेत, आणि भिंतीबाहेर, पावसाने ओल्या झालेल्या झाडांवर, शॅमेलिऑन थेंब चाटत बसलेले असतात.